पांढऱ्या दोऱ्याची वाटी

"सिस्टर, दोन वाजले! मोठा काटा बाराच्या पुढं बी गेला!"

सारिकाचा आवाज वॉर्डच्या त्या टोकाहून आला आणि अर्ध्या खाटा हसल्या. मी चार नंबरच्या खाटेपाशी होते, दोन्ही हात कामात गुंतलेले. तिथूनच म्हणाले, "आले गं घड्याळबाई, आले!"

"कधी? अडीचला?"

"अडीचला मोठा काटा कुठे असतो, सांग बघू."

मग, "सहावर!"

"शाब्बास. आता गप्प पडून राहा."

"तुमीच लवकर या, जळूबाई!"

नऊ वर्षांची पोर. घड्याळ वाचायला मी तिला दोनच दिवसांपूर्वी शिकवलं होतं. दर तासाला तिच्या उजव्या अंगठ्याची पट्टी सोडावी लागायची आणि दर तासाला ती रडायची. नुसतं रडण्यापेक्षा तास मोजायला लावलेलं बरं, असं मला वाटलं. पहिल्या दिवशी ती काटे बघून रडली, दुसऱ्या दिवशी काटे बघून गप्प बसली आणि तिसऱ्या दिवशी काटे बघून मलाच हुकूम सोडायला लागली. मुलांना काही शिकवलं आणि ते त्यांच्या डोळ्यांत उतरलेलं दिसलं की मला भूक लागत नसे. तो माझा स्वभावच होता. अजून आहे.

हे एकोणीसशे चौऱ्याण्णव सालचं. मी बत्तीस वर्षांची होते, एका ट्रस्टच्या इस्पितळात नर्स. इस्पितळाचं नाव सांगत नाही. जे झालं त्यात इस्पितळाचा दोष नव्हता.

सारिका जतच्या पुढच्या एका धनगरवस्तीवरची. तिची आई बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. घरात बाप बिरू कोळेकर आणि बापाची बहीण मायाक्का. मायाक्का कडबाकुट्टीचं चाक फिरवत होती आणि पोरगी पुढून कडबा सारत होती. पातं सरळ बसलं. अंगठा वरच्या पेरातून तुटून कुट्टीत पडला. बिरूला कुणीतरी शहाण्या माणसाने सांगितलं, की अंगठा पिशवीत घाल आणि पिशवी बर्फात ठेव. त्याने रस्त्यावरच्या गारीगारवाल्याची पेटी अक्षरशः हिसकावली. तीन तासांत जीप आमच्या दारात होती. डॉक्टर इनामदारांनी सात तास दुर्बिणीत डोळे घालून तो अंगठा जोडला.

ऑपरेशन चालू असताना बिरू आणि मायाक्का बाहेरच्या बाकावर बसले होते. मी आत काहीतरी न्यायला निघाले होते तेव्हा त्याचं बोलणं कानावर पडलं. तो ओरडत नव्हता. शेळी विकत घेताना बोलावं तसं शांत बोलत होता.

"अंगठा ऱ्हायला, तर तू ऱ्हायलीस. न्हाईतर माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई, मायाक्का."

ती "व्हय दादा" म्हणाली. एवढंच. नवऱ्याने टाकलेली बाई होती. भावाच्या उंबऱ्याशिवाय तिला दुसरा उंबरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला आणि आमच्या साळवे सिस्टरांना खाटेपाशी बोलावलं. साळवे सिस्टर वॉर्डाच्या मुख्य. कपाळावरची आठी आणि पांढरी टोपी त्यांच्या चेहऱ्यावरून कधी हलायची नाही. डॉक्टर म्हणाले, "रक्त आत नेणारी नळी जोडली आहे. बाहेर आणणारी शीर मात्र केसाएवढी, ती मला सापडलीच नाही. म्हणजे रक्त आत जाणार आणि तुंबणार. म्हणून नख काढलंय. तिथून ते पाझरत राहिलं पाहिजे. पाच-सहा दिवस. तेवढ्यात शरीर आपल्या नव्या वाटा काढतं."

"म्हणजे रक्त थांबवायचं नाही?" मी विचारलं.

"थांबलं की अंगठा गेला. परदेशात अशा बोटांना जळवा लावतात. आपल्याकडे दवाखान्यात चालतील अशा जळवा कुठून आणू? तेव्हा रूथ सिस्टर, आता तुम्हीच जळू. दर तासाला धरलेली रक्ताची गाठ पुसायची आणि हेपारिनमध्ये भिजलेला गॉजचा तुकडा लावायचा. हेपारिन रक्ताला गोठू देत नाही."

सारिकाने हे ऐकलं होतं. जळूबाई हे नाव मला तिथून चिकटलं.

आम्हा नर्सांचे हात रक्त थांबवायला शिकलेले असतात. रक्त दिसलं की दाबायचं, वर उचलायचं, बांधायचं. रक्त वाहतं ठेवायचं, हे त्या हातांना उलटं जात होतं. मायाक्काला तर ते बघवेना. पहिल्या दिवशी तिने माझं मनगटच धरलं.

"पोरीचं रगत वाया चाललंय, सिस्टरबाई. दाबा की वो जरा."

"वाया नाही, मायाक्का. असं बघा. तुमच्या घरात पाहुणे येतायत, दाराने येतच राहिलेत. पण बाहेर जायचं दार बंद. मग काय होईल?"

तिने विचार केला. "घर फुटंल."

"मग आपण भिंतीला एक भोक पाडलंय. मागच्या बाजूचं खरं दार तयार होईपर्यंत."

"मंजी पाव्हणं जाऊ द्यायचं," सारिका खाटेवरून म्हणाली.

"हां. जाऊ द्यायचं. आणि भोकात कुणी बसलं तर?"

"हाकलायचं!"

मायाक्काच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. ती पहिल्यांदा हसली तेव्हा ते एका ओळीत आले. त्यानंतर तिने माझं मनगट कधी धरलं नाही. उलट प्रत्येक वेळी पुढे वाकून नीट बघायची, की रंग कसा आहे. गुलाबी असला की मान हलवायची. तिला वाचता येत नव्हतं, पण रंग तिने माझ्याआधी ओळखला असता.

वॉर्डात तेव्हा आणखी एक अवघड काम होतं. चार नंबरची बाई स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली. तिच्या मांडीची कातडी काढून छातीवर लावली होती आणि ती मांडी रोज झिरपायची. तिथे उलटं औषध. ॲड्रेनॅलिनमध्ये भिजवलेला गॉज ठेवायचा, की शिरा आखडतात आणि रक्त थांबतं. म्हणजे एकाच वॉर्डात एका खाटेवर रक्त थांबवायचं आणि सहा खाटा सोडून दुसऱ्या खाटेवर वाहतं ठेवायचं. दोन्ही औषधं दिसायला पाण्यासारखी. साळवे सिस्टरांनी त्यावर आपला नियम काढला होता. चिठ्ठी ओल्या हाताने गळून पडते म्हणून वाटीच्या कानाला दोरा बांधायचा. लाल दोरा म्हणजे थांबव. पांढरा दोरा म्हणजे जाऊ दे. दोन्ही वाट्या एका ट्रॉलीवर कधीही ठेवायच्या नाहीत. प्रत्येक वाटीत दिवसाचे तुकडे मोजून ठेवायचे आणि पाळी बदलताना मोजून द्यायचे.

हे दोरे मी सारिकाला आणि मायाक्काला समजावून सांगितले होते. कुणी मागितलं नव्हतं. मला सांगायची हौस.

"पांढरा आपला," सारिका म्हणायची. "लाल त्या काकूचा."

त्या तिसऱ्या दिवशी, एकच्या सुमाराला, वस्तीवरचा एक माणूस बिरोबाचा भंडारा घेऊन आला. बिरूने देव्हाऱ्यातून काढून पाठवलेला, कागदाच्या पुडीत. मायाक्काने पुडी दोन्ही हातांत धरून मला विचारलं, "लावू का, सिस्टरबाई? देवाचं हाय."

"कपाळाला लावा. हाताला नको."

"हाताला कशी लावीन? मला काय कळत न्हाई व्हय?"

तिने पोरीच्या कपाळावर बोटभर हळद ओढली. सारिकाला खाज सुटली. तिने कपाळ पुसलं, आणि पुसलं ते पट्टीच्या हाताने. पट्टीच्या बाहेरच्या कडेला पिवळं लागलं. मी हसून म्हणाले, "देव पण पट्टीला लागला की गं." ती खिदळली.

दोन वाजता मी तिच्या खाटेपाशी पोचले ती दहा मिनिटं उशिरा. चार नंबरच्या मांडीने वेळ खाल्ला होता. पट्टी सोडली. नखाच्या जागी ताजं रक्त होतं, खाली गुलाबी. स्वच्छ. सारिकाने डाव्या हाताने पाटीवर काहीतरी काढलं होतं. उजवा हात बांधलेला म्हणून डाव्या हाताने लिहायला मीच तिला बसवलं होतं, नुसता वेळ जावा म्हणून.

"हे काय काढलंस?"

"अंगठ्याचं घर. हे पाव्हणं." वाकड्या हातापायांची माणसं रांगेने उभी होती. "सिस्टर, पाव्हण्यांना कसं कळतं, आत कुठनं जायाचं आन् बाहेर कुठनं?"

फार चांगला प्रश्न होता. मी पाटी तिच्या हातून घेतली, खडू घेतला. हृदय कसं ढकलतं ते काढून दाखवायला लागले. एका हाताने बाण काढत होते, दुसऱ्या हाताने तुकडा उचलून अंगठ्यावर ठेवला, पट्टी गुंडाळली. ती बाणावर बोट ठेवून विचारत राहिली. मायाक्का पुढे वाकून बघत होती, रोजच्यासारखी. तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, असं मला वाटलं. मी सारिकाला उत्तर देत होते.

तीन वाजता सारिकाने हाक मारली नाही. झोपली होती. मी पट्टी सोडली तर तुकडा कोरडा होता. अंगठा पांढराफटक, मेणासारखा. मी गाठ पुसली, कोमट सलाईनने धुतला, पांढऱ्या वाटीतला तुकडा पुन्हा पुन्हा भिजवून लावला. टाचणीने टोचून पाहिलं. टोचलेल्या जागी रक्ताचा ठिपकाही आला नाही. डॉक्टर इनामदार थिएटरमध्ये होते. दुसरं कुणाचं तरी ऑपरेशन चाललं होतं. थिएटर एक जिना वर. मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

साडेचारपर्यंत अंगठा पांढऱ्याचा निळा आणि निळ्याचा जांभळा झाला.

पाच वाजता डॉक्टर आले. त्यांनी अंगठा बघितला आणि खुर्ची ओढून बसलेच.

"कधी थांबलं?"

"चारनंतर," मी म्हणाले.

"चारला तर मग... तीनला पाझरत होतं?"

"हो."

त्यांनी टोचलं, धुतलं, भिंगातून बघितलं. "धमनीतच गाठ धरलीये. अचानक कशी? सकाळी इतका सुरेख होता." मग सोडलेली पट्टी त्यांनी उचलली, उजेडाला धरली. "हे पिवळं काय आहे?"

साळवे सिस्टर पुढे झाल्या. पट्टीला नाक लावलं. "हळद आहे."

डॉक्टर मायाक्काकडे वळले. ते चांगले होते. सात तास उभे राहून त्यांनी ते पेर जोडलं होतं, तीन रात्री घरी झोपले नव्हते. त्यांचा आवाज मी तोपर्यंत कधी चढलेला ऐकला नव्हता.

"हळद घातलीत तुम्ही? रक्त थांबायला? हजार वेळा सांगितलं होतं ना, थांबवायचं नाही म्हणून!"

"न्हाई वो डॉक्टर. कपाळाला लावली. ह्यात न्हाई."

"मग पट्टीवर काय आभाळातून पडली?"

"पोरीनं हात पुसला... सिस्टरबाईंना इचारा. त्या हुत्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर, साळवे सिस्टर, शेजारच्या खाटांवरच्या बाया, झोपेतून उठलेली सारिका. आणि मायाक्का. ती माझ्याकडे बघत होती. डोळे मोठे, न हलणारे. मला तेव्हा वाटलं, ती गयावया करते आहे.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मी एक वाजता चार नंबरपाशी होते," मी म्हणाले.

खोटं नव्हतं. एक वाजून गेल्यावर मी चार नंबरपाशी गेलेच होते.

बिरू दारात उभा होता. संध्याकाळच्या एसटीने आला होता. हातात सारिकासाठी डाळिंब होतं. त्याने सगळं ऐकलं असावं. त्याने डाळिंब खिडकीत ठेवलं. मायाक्काकडे गेला आणि तिच्या खांद्यावरची पिशवी काढून तिच्याच हातात दिली. तिला मारलं नाही. तिने पिशवी घेतली, सारिकाच्या पायावर हात ठेवला आणि निघाली. वॉर्डच्या दारात थांबून तिने मागे वळून पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी पट्ट्या आवरत होते.

"आत्ये! कुठं चाललीस?" सारिका ओरडली. "सिस्टर, आत्या कुठं चालली?"

मी पट्ट्यांचा ट्रे उचलून बाहेर गेले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो काळा झालेला भाग काढून टाकला.

आता, जे मी इथपर्यंत बाजूला ठेवलं, ते सांगते.

तीन वाजता तो पांढरा अंगठा दिसल्यावर मी ट्रॉलीकडे बघितलं. ट्रॉलीवर दोन वाट्या होत्या. लाल दोऱ्याची आणि पांढऱ्या दोऱ्याची. दोनला चार नंबरकडून येताना उशीर झाला होता, म्हणून मी लाल वाटी परत ठेवायला न जाता तशीच आणली होती. साळवे सिस्टरांचा नियम मी एका फेरीसाठी मोडला होता, कारण पोरगी हाक मारत होती. मी तुकडे मोजले. सकाळी पांढऱ्या वाटीत पंधरा होते. दोन वाजता लावलेला धरून आठ राहायला हवे होते. नऊ होते. लाल वाटीत एक कमी होता.

हृदय कसं ढकलतं ते शिकवताना मी शिरा आखडणारं औषध तिच्या अंगठ्यावर बांधलं होतं. तासभर.

त्या वेळी जिना चढून थिएटरच्या दारावर थाप मारली असती, तर कदाचित डॉक्टरांनी काही केलं असतं. कदाचित नाहीच काही झालं असतं. पण मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले, तेव्हा माझ्या मनात अंगठा नव्हता. साळवे सिस्टरांचा चेहरा होता, आणि माझी आई, जी सगळ्या चर्चला सांगायची की आमची रूथ किती हुशार.

सगळे गेल्यावर, सात वाजता पाळी द्यायच्या आधी, मी एक गोष्ट केली. पांढऱ्या वाटीतला एक तुकडा काढून फेकला. लाल वाटीत एक कोरडा तुकडा भिजवून टाकला. साळवे सिस्टरांनी मोजलं. दोन्ही वाट्या बरोबर भरल्या.

"रूथ, तुझं काम म्हणजे कसं," त्या म्हणाल्या, "हिशेबाला एक तुकडा इकडचा तिकडे होत नाही."

पुढे अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. निवृत्त झाल्यावर एका मंडळातर्फे शाळाशाळांत प्रथमोपचार शिकवायला लागले. मंडळातली माणसं विचारायची, सिस्टर, तुम्ही जतकडच्याच शाळा का मागून घेता? तिकडे एसटी पण धड नाही. मी म्हणायचे, तिकडे कुणी जात नाही म्हणून. खरं तर मी कुणाला तरी शोधत होते, आणि भेटू नये असंही मला वाटत होतं.

मागच्या वर्षी एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, चौथीची मुलं माझ्यापुढे बसली होती.

"खेळताना गुडघा फुटला. रक्त आलं. पहिलं काय?"

"दाबायचं!"

"मग?"

"पाय वर!"

"आणि रडायचं की नाही?"

"थोडं!" एक पोरगा म्हणाला आणि सगळे हसले.

सुट्टी झाली. मुलं ताटल्या घेऊन खिचडीसाठी पळाली. मला वर्गाच्या बाईंनी स्वयंपाकाच्या खोलीत बसायला सांगितलं, तिथे सावली होती. पातेल्यापाशी एक म्हातारी होत आलेली बाई वाढत होती. शेवटच्या पोराला वाढून तिने मान वर केली. हनुवटीवर तीन ठिपके.

तिने मला ओळखलं होतं. बहुधा वर्गात माझा आवाज आला तेव्हाच.

"बसा, सिस्टरबाई," ती म्हणाली. "खिचडी खातासा?"

मी बसले. "मायाक्का, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी हळदीमुळे नाही झालं. मी..."

"ठावं हाय."

ती पळीने पातेल्याच्या तळाची खरपुडी काढत होती.

"लाल दोऱ्यातनं काढलासा. मी वाकून बघत हुते की. तुमीच शिकवलं हुतं, पांढरा आपला म्हणून. मला वाटलं, तुमास्नी जास्त कळतंय. दवाखान्याचं माणूस."

"मग बोलला का नाहीत? डॉक्टरांपुढे?"

"मी बोलून कोण ऐकणार हुतं? मी तुमच्याकडं बघितलं. म्हटलं, ही बोलंल. पोरीवर इतका जीव हाय हिचा, बोलंलच." पळी थांबली. "तुमी घड्याळ बघत हुतासा."

गयावया नव्हती ती. ती वाट बघत होती.

मी विचारलं, "बिरूदादा?"

"गेला. पाच वर्सं झाली. न्हाई बोलला माझ्याशी. ही शाळा झाली तवापास्नं मी हितंच. गावानं खोली दिली."

"आणि सारिका?"

तिचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "लगीन झालं. दोन पोरं. अंगणवाडीत शिकवती. डाव्या हातानं लिवती, अक्षर लई झ्याक. तुमचं नाव काढती. म्हणती, सिस्टरनं शिकवलं म्हणून माझा हात वाया गेला न्हाई." मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "मला बघाया येती दर शनवारी. खायाला आणती. म्हणती, आत्ये, तू अडाणी हुतीस, तुला काय ठावं. हळद घातलीस ती मायेनंच घातलीस. मी तुला कवाच माफ केलंय."

तिने पळी पातेल्यात ठेवली. "एवढी वर्सं ती मला माफ करती, सिस्टरबाई. दर शनवारी. मी घेती."

साडेबाराची एसटी फाट्यावर आली असावी, भोंगा ऐकू आला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत दुसरी गाडी नव्हती. बाईंनी दारातून हाक मारली, "सिस्टर, गाडी!" मी म्हणाले, "जाऊ दे."

एक वाजायच्या सुमाराला पटांगणातून एक बाई आली. भरल्या अंगाची, खांद्याला पिशवी, डाव्या हातात डबा. उजवा हात तिने पदरात घेतला होता, सवयीने. दारात थबकली. माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम तिचं तोंड लहान मुलीसारखं उघडलं.

"जळूबाई?"

डबा खाली ठेवून ती धावत आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे ओढले.

"आधी ऐकून घे, सारिका. मग ठरव."

कोपऱ्यात गॅस सुरसुरत होता. मायाक्का उठली, बटण फिरवून तो बंद केला आणि आमच्याकडे तोंड करून भिंतीशी उभी राहिली.